आईचा खांदा आणि तुमचा खांदा: रिपोर्ट एकच, दुखणं वेगळं

तुम्ही काय विचारलंय ते आधी थोडक्यात लिहितो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण संदर्भ लागेल. आई 56 वर्षांची, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात गावी असते, डावा खांदा पाच महिने दुखतोय, त्या कुशीवर झोपता येत नाही, वेणी घालता येत नाही, हात पाठीमागं जातच नाही, शुगर आहे आणि शेवटचं एचबीएवनसी (म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी) 9.1 आलंय. तुम्ही स्वतः 31 चे, बेळगावात उद्यमबागला मशीन शॉपमध्ये, संध्याकाळी जिम, उजवा खांदा दोन महिने हात वर नेताना मधेच चमकतोय. दोघांचाही एमआरआय काढलात आणि दोघांच्या रिपोर्टात 'सुप्रास्पायनेटसचा पार्शियल टेअर', म्हणजे खांद्याच्या एका छोट्या स्नायूचा टेंडन अर्धवट फाटलाय, असंच लिहून आलंय. आईला एका ठिकाणी ऑपरेशन सांगितलं, गावातला एकजण म्हणतोय झटका देऊन शीर सोडवतो, आणि तुमचा प्रश्न असा की ह्याचं मूळ कारण काय आणि भाताच्या लावणीच्या आधी आई बरी होईल का.

मी बेळगावात फिजिओथेरपी करतो, बरीच वर्षं झाली. हात लावून तपासल्याशिवाय पक्कं कुणी सांगू नये आणि मी पण सांगत नाही, खरं तुम्ही लिहिलंय त्यावरून आईचा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला सांधा, वाटतोय आणि तुमचा टेंडनवर, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीवर, जास्त लोड पडल्याचा प्रकार वाटतोय. दोघांची ट्रीटमेंट जवळजवळ उलटी आहे. आईला तुमचे व्यायाम दिले तर तिला रात्रभर ठणका, तुम्हाला आईचे दिले तर सहा महिने काही फरक नाही. आणि ज्या ओळीवरून तुम्ही घाबरलाय ती एमआरआयची ओळ दोघांच्याही बाबतीत फारशी कामाची नाही, का ते सांगतो.

आधी सांधा कसा आहे ते. खुब्याचा सांधा हा खरा उखळीचा सांधा, गोळा खोल बसलेला. खांदा म्हणजे बशीवर ठेवलेलं लिंबू, बशी उथळ आणि लिंबू मोठं, कुठल्याही क्षणी गोळ्याचा जेमतेम पाव-तिसरा भागच त्या बशीला टेकलेला असतो. म्हणून तर हात इतका चौफेर फिरतो, आणि म्हणूनच तो जागेवर धरून ठेवायचं काम हाडांपेक्षा मांसाला जास्त करावं लागतं. ते काम करणारे चार छोटे स्नायू, सुप्रास्पायनेटस, इन्फ्रास्पायनेटस, टेरिस मायनर आणि सबस्कॅप्युलॅरिस, ह्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. ह्या सगळ्याच्या आत सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणायचं. शिवाय हात पूर्ण वर जातो तेव्हा 180 अंशातले साधारण 120 ह्या सांध्यातून येतात आणि 60 पाठीवरचा फरा, म्हणजे खांद्यामागचं पसरट हाड, फिरल्यामुळं येतात. म्हणजे हात वर जात नाही ह्याला निदान तीन कारणं झाली: पिशवी आखडली, टेंडन दुखतोय किंवा कमजोर झालाय, नाहीतर दुखणं मुळात खांद्यात नाहीच आणि ते मानेतून खाली उतरतंय.

हे ओळखायला मशीन लागत नाही. माझ्याकडं पेशंट आला की मी पहिल्यांदा एवढंच म्हणतो, कुठं दुखतंय तिथं हात ठेवा. अर्धं काम तिथंच होतं बघा. मान आणि खांदा ह्यांच्या मधल्या उतारावर हात ठेवला, म्हणजे जिथं ओझं घेतो तिथं, तर मी आधी मान तपासतो. निपाणीकडच्या विड्या वळणाऱ्या बायका, बेळगावातल्या वडगाव-खासबागचे विणकर, दिवसभर कॉम्प्युटरवर असणारी पोरं, ही सगळी 'खांदा दुखतोय' म्हणूनच येतात खरं बोट ठेवतात ते त्या उतारावर किंवा फऱ्याच्या आतल्या कडेला. त्यांचा खांद्याचा सांधा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, जिथं लहानपणी इंजेक्शन देतात तिथं पंजा फिरवत 'इथंच कुठंतरी, आत' असं म्हणाला की रोटेटर कफ नाहीतर फ्रोझन शोल्डर. आणि एका बोटानं खांद्याच्या टोकावरचं वरचं हाड दाखवलं तर तो एसी जॉइंट, म्हणजे गळ्याजवळचं आडवं हाड फऱ्याला मिळतं तो छोटा सांधा, तालमीतली पोरं, जिममध्ये डिप्स मारणारे, बाईकवरून खांद्यावर पडलेले, पोती वाहणारे ह्यांचा तो आवडता सांधा. कळ कोपराच्या खाली अंगठ्यापर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, मान मागं केली की वाढत असेल आणि हात डोक्यावर ठेवला की उलट बरं वाटत असेल तर ती मानेची नस. खांद्याच्या पेशंटला हात डोक्यावर नेणं हीच तर अडचण असते, आणि मानेच्या पेशंटला त्यातच आराम मिळतो, एवढा सोपा फरक आहे.

आता तुम्ही घरी आईला एक करून बघा. तिला खुर्चीवर बसवा, दोन्ही कोपर बरगडीला चिकटवून काटकोनात वाकवायला सांगा, आणि तळहात बाहेरच्या बाजूला उघडायला सांगा, कोपर अंगापासून सुटू द्यायचं नाही. उजवा किती जातो आणि डावा किती जातो बघा. मग डावा हात तुम्ही स्वतः हळू धरून बाहेर न्यायचा प्रयत्न करा, जोर लावू नका. तुमच्या हाताला पण तो मधेच, भिंत आल्यासारखा अडला तर सांधा खरंच आखडलाय. तिला जमत नाही खरं तुम्ही नेला तर जातोय, असं झालं तर सांधा मोकळा आहे आणि दुखणं टेंडनचं आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये हीच बाहेर उघडण्याची हालचाल सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जाते. हीच टेस्ट स्वतःवर पण करा, माझा अंदाज आहे तुमचा हात दोन्हीकडं सारखाच उघडेल, फक्त वर नेताना 60 ते 120 अंशाच्या मधे चमक येईल आणि त्याच्या वर गेला की कमी होईल. ह्याच्या जोडीला एक साधा एक्स-रे पुरतो, कारण सांध्याची झीज असेल तरी हात असाच अडतो आणि ती एक्स-रेमध्ये दिसते, फ्रोझनमध्ये एक्स-रे साधारण नॉर्मल असतो.

मग एमआरआयचं काय. जपानमध्ये एका गावातल्या 664 लोकांचे खांदे सोनोग्राफीनं तपासले होते, 2013 साली ते छापून आलं. त्यात साधारण 22 टक्के लोकांचा टेंडन आरपार फाटलेला निघाला, पार्शियल नव्हे, आरपार, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना काहीच दुखत नव्हतं. वय वाढलं की केस पिकतात तसं टेंडन पण विरत जातं. 56 व्या वर्षी एमआरआयमध्ये पार्शियल टेअर दिसला ह्याचं मला अजिबात नवल नाही, तिचा उजवा न दुखणारा खांदा मशीनमध्ये घातला असता तर तिथं पण काहीतरी लिहून आलं असतं. रेडिओलॉजिस्टची चूक नाही, त्याला दिसलं ते त्यानं लिहिलं. खरं ते दुखण्याचं कारण आहे की नाही हे पेशंटचा हात धरून बघणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि आपल्याकडं होतं काय, फाईल घेऊन माणूस बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी असा फिरतो आणि प्रत्येक टेबलावर फिल्म उजेडाला धरली जाते, हात कुणी धरत नाही.

आईच्या खांद्याकडं येतो. फ्रोझन शोल्डर हे नाव अमेरिकेतल्या कॉडमन नावाच्या सर्जननं 1934 मध्ये दिलं, म्हणजे दुखणं नवीन नाही, आपल्याकडं पूर्वी वात धरला म्हणायचे. सांध्याची ती पातळ पिशवी आधी सुजते, मग जाड होते, मग आक्रसते. साधारण 40 ते 60 वयात, बायकांना थोडं जास्त. सामान्य लोकांत शंभरात दोन ते पाच जणांना होतं असं पुस्तकात असतं, शुगर असलेल्यांत शंभरात दहा ते वीस. शुगर जास्त राहिली की साखर शरीरातल्या कोलॅजनला, म्हणजे सांधे बांधून ठेवणाऱ्या धाग्यांना, चिकटत जाते, ते कडक होतं, आणि ही पिशवी कोलॅजनचीच. म्हणून शुगरवाल्यांचा फ्रोझन जास्त हट्टी असतो, जास्त दिवस चालतो आणि कधीकधी एक बरा होतो तोवर दुसरा धरतो. थायरॉइडचं पण तसंच नातं आहे, आईची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्या. काही जणांना तर शुगर आहे हेच खांदा धरल्यावर कळतं, म्हणून चाळिशीतला कुणी असा आखडलेला हात घेऊन आला की मी व्यायाम सांगायच्या आधी रक्त तपासायला पाठवतो.

तुम्ही मूळ कारण विचारलं होतं ना, तर आईच्या बाबतीत ते हे. 9.1. खांद्यावर कितीही तेल लावा, आणि साखर तशीच ठेवा, तर काम अर्धवटच. फिजिशियनला भेटून गोळ्या नीट करून घ्या, आणि सकाळच्या चहातली साखर तेवढी बंद केलीय आणि दुपारी भाताचं ताट तसंच आहे, असं आपल्याकडं घरोघरी चालतं ते पण बघा. बासमती असू दे नाहीतर इंद्रायणी, भात तो भातच.

दुसरं कारण पण विचारा तिला, मधे हात काही दिवस बांधून ठेवला होता का. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, गळ्यात झोळी आली आणि सहा आठवडे खांदा हललाच नाही, मनगट जुळलं आणि खांदा गेला, अशा केसेस मी फार बघतो. प्लास्टरमध्ये पण खांदा आणि बोटं रोज हलवायची असतात हे कुणी सांगत नाही. ब्रेस्टच्या ऑपरेशननंतर पण असंच होतं. बऱ्याच जणांना मात्र काहीच कारण सापडत नाही, ते पण मान्य करायला पाहिजे.

ह्याचे तीन टप्पे असतात. पहिल्यात दुखणं जास्त, आखडणं वाढत जातं, रात्री विशेष, हा काही आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत चालू शकतो. दुसऱ्यात दुखणं उतरतं खरं हात अडकलेला राहतो. तिसऱ्यात हळूहळू सुटतो. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. एवढं ऐकून लोक हबकतात, पण खरी गोष्ट सांगितलेली बरी, नाहीतर दर पंधरा दिवसाला डॉक्टर बदलत बसतात. सगळ्यांचा शंभर टक्के सुटतो असं पण नाही, थोडा कडकपणा काहींना राहतो, त्याच्यासह काम मात्र सगळं करता येतं.

आई पाच महिन्यांत आहे, रात्रीचा ठणका आहे, म्हणजे ती अजून पहिल्या टप्प्यात किंवा त्याच्या शेवटाला. ह्या टप्प्यात हात जोरानं ओढला की सूज वाढते. नेदरलँड्समध्ये 2004 मध्ये 77 पेशंटांवर एक अभ्यास झाला होता, एका गटाला दुखेपर्यंत ताणायची जोरदार फिजिओ, दुसऱ्याला फक्त समजावून सांगून दुखण्याच्या आतले व्यायाम. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातले 89 टक्के जवळजवळ नॉर्मल झाले होते आणि जोरदारवाल्यातले 63 टक्के. मी फिजिओ असून हे सांगतोय, आमच्याच धंद्यात 'रडल्याशिवाय हात सुटत नाही' असं म्हणणारे आहेत, त्यांच्याकडं आईला नेऊ नका. आणि झटका देणाऱ्याकडं तर नकोच नको. त्या माणसाला वाईट म्हणत नाही, मानेचा उतार आखडलाय त्याला मालिशनं बरं वाटतं आणि वाटू दे, खरं 56 वर्षांच्या बाईची हाडं, आखडलेली पिशवी आणि वरून झटका, दंडाचं हाड मोडू शकतं. हेच काम ऑपरेशन थिएटरमध्ये भूल देऊन, मोजून करतात तेव्हा सुद्धा हाडाचा विचार करून करतात.

ह्या टप्प्यात सगळ्यात जास्त फरक पडतो तो सांध्यात दिलेल्या स्टिरॉइड इंजेक्शननं. स्टिरॉइड म्हटलं की लोक दचकतात, आणि मेडिकलमधून बिननावाच्या पुड्या आणून महिनोन्महिने खातात ज्यात कधीकधी तेच स्टिरॉइड भरलेलं सापडतं, हे मला कधी कळलेलं नाही. एकच इंजेक्शन, ऑर्थोच्या डॉक्टरांकडून, शक्यतो सोनोग्राफीत बघून, लवकरच्या महिन्यांत. पुढचे काही आठवडे झोप लागते, आणि त्या मोकळ्या काळात व्यायाम करून घ्यायचा. शुगरवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं, इंजेक्शननंतर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर चढते, त्यामुळं आधी फिजिशियनला सांगून ठेवा, घरी ग्लुकोमीटरवर रोज बघा, आणि आत्ता 9.1 आहे तर कधी द्यायचं हे त्या दोन डॉक्टरांनी मिळून ठरवू दे.

व्यायाम तिला तीनच द्या, दहा दिले तर एक पण होणार नाही. टेबलावर किंवा कट्ट्यावर टॉवेल ठेवून त्यावर हात पुढं सरकवणं. उताणं झोपून दोन्ही हातात काठी धरून चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला बाहेरच्या बाजूला हळू ढकलणं, कोपराखाली घडी घातलेली चादर. आणि थोडं वाकून हात मोकळा सोडून हलकेच गोल फिरवणं. आधी गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं, मग प्रत्येक व्यायाम दहा-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. ताण जाणवू दे, खरं व्यायामानंतरचं दुखणं अर्ध्या तासात उतरलं पाहिजे, रात्री ठणका वाढला तर उद्या निम्मं करायचं. मशीनचा शेक, करंट, अल्ट्रासाऊंड ह्यावर महिनाभर बेळगावच्या चकरा मारायची गरज नाही, त्यानं तात्पुरतं बरं वाटतं, अल्ट्रासाऊंडनं तर पिशवी सुटते असा काही पुरावा नाही. त्यापेक्षा महिन्यातून दोनदा येऊन अंश मोजून घ्या आणि बाकी घरी. आणखी एक, दवाखान्यातून व्यायामाचा कागद मिळतो तो इंग्लिशमध्ये नाहीतर कन्नडमध्ये असतो आणि आईला मराठीच वाचता येत असेल तर तो कागद कपाटात जातो. फिजिओला सांगा आईला करायला लावून तुमच्या फोनवर व्हिडिओ काढू द्या, कुणी नाही म्हणत नाही.

झोपताना उताणं किंवा चांगल्या कुशीवर, दुखऱ्या दंडाखाली उशी, कोपर अंगाच्या मागं पडू द्यायचं नाही. ब्लाउज घालताना दुखरा हात आधी बाहीत, काढताना शेवटी, आणि पुढून हुकाचा. एवढ्या साध्या गोष्टीनं तिचा दिवस सोपा होतो. लाल बसमध्ये वरचा दांडा त्या हातानं धरू नको म्हणावं, एक ब्रेक लागला की दोन आठवडे मागं जातो माणूस.

ऑपरेशन. ब्रिटनमध्ये 503 फ्रोझनवाल्या पेशंटांवर मोठी तुलना झाली, 2020 मध्ये आली, इंजेक्शनसह फिजिओ, भूल देऊन हात मोकळा करणं आणि दुर्बिणीनं पिशवी सोडवणं, वर्षभरानंतर तिघांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणून पाचव्या महिन्यात ऑपरेशनची घाई मला पटत नाही. सहा-नऊ महिने नीट इंजेक्शन-व्यायाम-शुगर सगळं करून पण हात जागचा हलला नाही तर मग जरूर विचार करायचा, सलाईन भरून पिशवी ताणायची पद्धत पण आहे, ती त्याच्या आधी विचारून बघा. आणि तिला 'टेअर शिवायचा' म्हणून ऑपरेशन सांगितलं असेल तर दुसरं मत घ्याच, आखडलेल्या खांद्यात पार्शियल टेअर शिवला की खांदा आणखी आखडू शकतो.

आता तुमचं. माझ्या अंदाजाप्रमाणं तुमचा हात उघडत असेल तर पिशवी ठीक आहे. मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) चकमध्ये (तो पकडणाऱ्या भागात) लावताना वजन छातीच्या वर, अंगापासून लांब, दिवसात शेकड्यानं वेळा, आणि तिथून सुटून जिममध्ये परत खांद्याचा दिवस. टेंडनला जेवढं झेपतंय त्यापेक्षा जास्त काम एकदम दिलं की तो दुखतो, तुमचं मूळ कारण तेवढंच. दोन महिन्यांपूर्वी काय बदललं होतं ते आठवा, नवीन जॉब आला, ओव्हरटाइम लागला की जिममध्ये वजन वाढवलं, काहीतरी सापडेलच.

पूर्वी आम्ही शिकलो ते असं की वरचं हाड टेंडनला घासतं म्हणून दुखतं, नीअर नावाच्या सर्जननं 1972 मध्ये ते मांडलं आणि मग जगभर ते हाड तासायची ऑपरेशनं झाली. मग 2018 मध्ये ब्रिटनमधल्या 32 हॉस्पिटलांतल्या 313 पेशंटांवरचा अभ्यास आला, काहींचं हाड तासलं, काहींना नुसती दुर्बीण घालून बाहेर काढली, पेशंटला कळू दिलं नाही, आणि दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे हाड तासण्यात दम नव्हता. 'तुमचे खांदे पुढं वाकलेत म्हणून दुखतंय' ह्याला पण मी फार भाव देत नाही, वाकलेल्या खांद्याची कितीतरी माणसं बिनदुखणी फिरतात.

टेंडनला विश्रांतीनं बरं वाटतं पण ताकद येत नाही, कामावर गेलं की पुन्हा तेच. म्हणून दोन-तीन आठवडे ओव्हरहेड प्रेस, डिप्स आणि मानेमागून ओढायचे प्रकार बंद, बाकी जिम चालू, आणि खांद्याला मोजून लोड. सुरुवातीला भिंतीला मुठीचा मागचा भाग टेकवून, कोपर अंगाला, न हलवता बाहेर दाब, तीस-चाळीस सेकंद, पाच वेळा. मग रबर बँड, नसेल तर सायकलची जुनी ट्यूब दाराच्या कडीला बांधून हात बाहेर उघडणं. ट्यूब कमरेच्या उंचीवर बांधून दोन्ही हातांनी मागं ओढणं. एक लिटरची भरलेली बाटली म्हणजे एक किलो, ती धरून हात तिरका पुढं वर, आधी खांद्याच्या उंचीपर्यंतच. भिंतीवर पुशअप, मग कट्ट्यावर, मग जमिनीवर. आठवड्यात तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, आठ ते बाराचे तीन सेट, आणि निदान बारा आठवडे. दहापैकी तीन-चार एवढं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत पहिल्यासारखं झालेलं पाहिजे. दुखऱ्या खांद्याचा व्यायाम म्हणजे अजिबात दुखायला नको असं धरून बसलात तर कधीच वजन वाढणार नाही.

आणि रोज फिजिओकडं जायलाच पाहिजे असं पण नाही. 2021 चा ब्रिटनमधला 708 लोकांचा अभ्यास आहे, एकदाच नीट समजावून व्यायाम शिकवलेले आणि सहा वेळांपर्यंत बोलावलेले, वर्षभरानं सारखेच. त्यात इंजेक्शनचा फायदा पण सुरुवातीचे काही आठवडेच दिसला. तुम्हाला मी आत्ता इंजेक्शन घ्या म्हणणार नाही. कामावर सुपरवायझरला विचारून पायाखाली फळीचा चौथरा घ्या म्हणजे चक छातीच्या खाली येईल, त्यानं जो फरक पडेल तो माझ्या व्यायामापेक्षा जास्त असेल. विडी-सिगरेट असेल तर तिचा पण टेंडनशी संबंध आहे, ओढणाऱ्यांचे टेंडन लवकर खराब होतात आणि उशिरा भरतात.

आता हे सगळं बाजूला ठेवून थेट हॉस्पिटल गाठायच्या गोष्टी. आईचा डावा खांदा आहे आणि शुगर आहे, म्हणून हे पहिलं. हात हलवल्यानं दुखणं कमीजास्त होत नाही, खरं चढ चढताना किंवा चालताना डावा खांदा-दंड-जबडा भरून येतो, घाम, धाप, मळमळ, तर फिजिओ-बिजिओ सोडा आणि ईसीजी काढा, शुगरवाल्यांना छातीत कळ न येता पण हार्टचा त्रास होतो. आईचा हात हलवल्यावर दुखतोय म्हणजे बहुतेक खांद्याचंच आहे, तरी ह्या वयात एकदा ईसीजी काढून ठेवायला हरकत नाही. उजव्या खांद्याच्या टोकाला तेलकट जेवणानंतर दुखत असेल तर पित्ताशयाची सोनोग्राफी. पन्नाशीच्या पुढचा माणूस पडला आणि त्या दिवसापासून हात उचललाच जात नाही, तर तो ताजा फाटलेला टेंडन असू शकतो, तिथं थांबायचं नाही, काही आठवड्यांत सर्जनला दाखवायचं, शिवून फायदा होतो तो ह्या लोकांना. ताप, लाल गरम सांधा, शुगरवाल्यांत विशेष, लगेच. दोन्ही खांदे एकदम धरलेत, वय पन्नाशीच्या वर, सकाळी तासभर अंग सुटत नाही, तर रक्तात ईएसआर-सीआरपी, ह्या अंगातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या. विडी-सिगरेट ओढणाऱ्या माणसाचा खांदा रात्रंदिवस दुखतोय, वजन उतरतंय, पंजाचं मांस झिजतंय, तर छातीचा एक्स-रे. आणि निखळलेला खांदा आखाड्यातच ओढून बसवू नका, आधी एक्स-रे, हाड मोडलेलं असतं कधीकधी. विशीच्या आतबाहेरच्या पोरांचा एकदा निखळला की पुन्हा निखळायची शक्यता फार, त्यांनी सर्जनचं मत घ्यायलाच पाहिजे.

गोळ्यांबद्दल एवढंच, शुगर आणि वरून बीपी असेल तर डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मेडिकलमधून आणून रोज खाऊ नयेत, किडनीवर जातात. रात्रीपुरतं काय घ्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

राहिली लावणी. आई लावणीपर्यंत पूर्ण बरी होणार नाही, ते डोक्यातून काढा. खरं तिला घरात बसवून पण ठेवू नका, बसवलं की हात आणखी धरतो आणि ती पण कावते. वाकून रोप लावणं हे खांद्याच्या खालचं काम आहे, उजव्या हातानं लावू दे, डाव्या हातात मूठ धरायला जमतंय तेवढं धरू दे, तासाभरानं उठून हात मोकळा सोडून हलवू दे. रोपाच्या पेंढ्या डोक्यावर उचलून वाहणं, चिखलात कुणाला हात देऊन ओढणं, बांधावर चढताना डाव्या हातावर भार टाकणं हे यंदा नको, ते दुसऱ्या कुणाला तरी सांगा. संध्याकाळी घरी आल्यावर गरम पाण्याची पिशवी आणि काठीचा व्यायाम. इंजेक्शन घ्यायचं ठरलं तर लावणीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी घ्या, म्हणजे साखर खाली यायला आणि झोप लागायला वेळ मिळेल. आणि मी सांगितली ती कोपर चिकटवून हात उघडायची टेस्ट आज एकदा करून फोटो काढून ठेवा, सहा आठवड्यांनी परत काढा, दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघा आणि डॉक्टरांकडं जाताना एमआरआयच्या फिल्मच्या आधी ते दाखवा.